छोट्या डिझेल कॅम्परमध्ये राहताना इंजिनाकडे होणारे दुर्लक्ष

चाकांवरचेघर (धागाकर्ता)

आमची गाडी पाच मीटरपेक्षा थोडी कमी लांबीची, दोन लिटरच्या डिझेल इंजिनाची आणि वर उघडणाऱ्या छताची आहे. गेली चार वर्षे, वर्षातले पाच-सहा महिने आम्ही दोघे तिच्यात राहतो. कॅम्परविषयी बोलताना पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी यांची चर्चा भरपूर होते, कारण गाडी घेताना डोळ्यांसमोर तेच असते. इंजिनाचा विषय मात्र ‘डिझेल आहे, लाखो किलोमीटर चालेल’ एवढ्यावर मिटतो. मीही तो तसाच मिटवला होता आणि दुसऱ्या वर्षी त्याची किंमत मोजली.

त्या मोसमात आम्ही एकाच परिसरात सहा आठवडे मुक्काम केला. गाडी रोज हलत होती, पण पाणी भरायला तीन किलोमीटर आणि सामान आणायला चार किलोमीटर इतकीच. इंजिन पुरते तापण्याआधीच बंद व्हायचे. काही वेळा चावी काढल्यावरही पुढचा पंखा जोरात फिरत राहायचा, उभ्या गाडीचे आरपीएम नेहमीपेक्षा थोडे चढलेले असायचे आणि खालून तापलेल्या धातूचा वास यायचा. या तिन्ही खुणा मी पाहिल्या, पण त्यांचा अर्थ मला लागला नाही. पाचव्या आठवड्यात डिपस्टिक काढली, तेव्हा ऑइल वरच्या खुणेच्याही वर गेलेले होते आणि त्याला डिझेलचा वास येत होता. त्यानंतर काही दिवसांतच डॅशबोर्डवर फिल्टरचा दिवा लागला, गाडीची ओढ निम्म्यावर आली आणि अखेर ती टोचन करून वर्कशॉपमध्ये न्यावी लागली.

घडले होते ते असे. युरोपात साधारण २००९ पासून, म्हणजे धुराच्या प्रदूषणावर मर्यादा घालणारे ‘युरो ५’ मानक आल्यानंतर, बहुतेक डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्यालाच डीपीएफ म्हणतात. त्यात साठलेली काजळी जाळायची तर तिथले तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावे लागते. त्यासाठी इंजिनाचा संगणक, पिस्टन खाली येत असताना, थोडे जादा डिझेल सोडतो. ते पुढे एक्झॉस्टमध्ये जळते आणि दहा ते वीस मिनिटांत फिल्टर मोकळा होतो. या क्रियेला रिजनरेशन म्हणतात. ती चालू असताना गाडी बंद केली, तर काम अर्धवट राहते आणि पुढच्या खेपेला पुन्हा जादा डिझेल सोडले जाते. प्रत्येक खेपेला त्यातले काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीला लागून, पिस्टन रिंगांच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरते. असे पातळ झालेले ऑइल टर्बोच्या आणि क्रँकच्या बेअरिंगना पुरेसे वंगण देऊ शकत नाही. आमचा टर्बो वाचला, यात माझ्या दक्षतेचा काहीही वाटा नव्हता.

तेव्हापासून मुक्काम कितीही रमणीय असला, तरी आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर २,००० ते २,५०० आरपीएमवर सलग गाडी चालवायची, असा नियम आम्ही पाळतो. त्या फेरीत वरच्या गिअरमध्ये रेंगाळत नाही, आणि पंखा किंवा आरपीएम यांवरून रिजनरेशन चालू असल्याचे जाणवले, तर मुक्कामाची जागा आली तरी पुढे जाऊन वळसा घालून येतो. ऑइल कमी राख सोडणाऱ्या प्रतीचेच वापरतो, कारण काजळी जळते पण ऑइलची राख जळत नाही. ती फिल्टरमध्ये कायमची साठत जाते. शिवाय कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यावरच ऑइल बदलतो.

चालवण्याविषयीही थोडे सांगतो. कॅम्पर ही कायम भरलेली गाडी असते. चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो; दुसरी बॅटरी, लाकडी कपाटे, गाद्या, भांडी, सायकली हे सगळे मिळून गाडीची वहनक्षमता कधी संपते ते कळत नाही. आम्ही पूर्ण सामान आणि दोन्ही माणसांसह वजनकाट्यावर गेलो, तेव्हा एकूण वजन मर्यादेत होते, पण मागच्या आसाला जेमतेम तीस किलो शिल्लक होते. त्याच दिवशी पाण्याची टाकी आणि अवजारे पुढे सरकवली. टायरमधली हवासुद्धा रिकाम्या गाडीच्या आकड्याप्रमाणे न भरता दाराच्या चौकटीवरच्या तक्त्यातील पूर्ण भाराच्या आकड्याप्रमाणे भरावी.

लांब उतारावर विशेष काळजी हवी. डिझेल इंजिनात ॲक्सिलरेटरवरून पाय उचलल्यावर हवेचा मार्ग पेट्रोल इंजिनासारखा आवळला जात नाही, त्यामुळे वरच्या गिअरमध्ये इंजिनाचा अडसर फारसा जाणवत नाही. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा, ब्रेक सतत घासत न ठेवता थोडा वेळ ठामपणे दाबून सोडावा, आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे, कारण ते हवेतले पाणी शोषते आणि पाणी शिरलेले ऑइल तापल्यावर लवकर उकळते. बाजूच्या वाऱ्याची सवय व्हायला मला एक वर्ष लागले. मोठ्या ट्रकला मागे टाकताना आधी त्याचा आडोसा मिळतो आणि त्याच्या पुढे निघताच वारा एकदम अंगावर येतो. त्या क्षणासाठी स्टिअरिंगवर दोन्ही हात हवेत. वेगाचेही तसेच आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ताशी ९० ऐवजी ११० किलोमीटरने गेल्यास तो जवळजवळ दीडपट होतो. आम्ही ९० च्या आसपास राहतो. त्यामुळे डिझेल वाचते, आणि आत बोललेले एकमेकांना ऐकू येते.

मुक्कामपोस्ट

लेख वाचून अस्वस्थ झालो, कारण तुम्ही वर्णन केलेली जवळजवळ प्रत्येक चूक मी आज करत आहे. आम्ही एका जागी चार-पाच दिवस राहतो. तिसऱ्या दिवशी फ्रीजमुळे राहण्याच्या भागाला वीज देणारी मागची बॅटरी उतरते, म्हणून सकाळी गाडी जागेवरच तासभर चालू ठेवतो. अंतर पडत नाही, इंजिनावर भारही नसतो, तेव्हा त्याने नुकसान होत नसावे असा माझा समज होता. हे खरोखरच टाळावे का, आणि टाळायचे तर बॅटरी कशी भरावी?

चाकांवरचेघर

मुक्कामपोस्ट, इंजिनावर भार नसणे हीच त्यातली अडचण आहे. भार नसलेले डिझेल इंजिन नीट तापत नाही, एक्झॉस्ट थंड राहतो, काजळी ईजीआर व्हॉल्व्हवर (एक्झॉस्टमधला थोडा वायू पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) आणि फिल्टरमध्ये बसते, आणि ती जाळण्याइतके तापमान त्या तासाभरात येतच नाही. बॅटरीच्या पदरातही फार थोडे पडते. कमी आरपीएमवर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरणारे वीज-जनित्र, अर्धवट क्षमतेने चालतो. नव्या गाड्यांत तर पुढची, म्हणजे इंजिन सुरू करणारी, बॅटरी भरली की संगणक अल्टरनेटरचा व्होल्टेज मुद्दाम उतरवतो, मग साध्या रिलेने जोडलेली मागची बॅटरी तासभर ताटकळत राहते. शेजाऱ्यांना धूर आणि आवाज सोसावा लागतो, तो वेगळाच.

आमची सध्याची व्यवस्था सांगतो. दोन बॅटऱ्यांच्या मध्ये ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर आहे. अल्टरनेटरचा व्होल्टेज खाली आला तरी तो मागच्या बॅटरीला हवा तेवढा व्होल्टेज देतो. दोन तास प्रवास झाला, की साधारण ६० अँपिअर-अवर जमा होतात. आमचा कॉम्प्रेसरचा छोटा फ्रीज दिवसाला ३० ते ४० अँपिअर-अवर घेतो. छतावरचे १०० वॉटचे सौर पॅनेल लख्ख उन्हाळ्यात दिवसाला ३०० ते ४०० वॉट-अवर देते, म्हणजे फ्रीजचा बहुतेक खर्च त्यात भागतो. हिवाळ्यात मात्र त्यावर विसंबता येत नाही. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल, तर तापमान शून्याखाली असताना ती चार्ज करू नये. तिच्या नियंत्रण सर्किटमध्ये ही अडवणूक आहे ना, हे घेतानाच विचारून घ्यावे. आणि फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलला शक्य तितका लगटून बसवावा. तारेचा जो भाग फ्यूजच्या अलीकडे राहतो, त्याला कोणतेही संरक्षण नसते.

जुनेइंजिन

एक वेगळी बाजू मांडतो. माझ्या गाडीत टर्बो नाही, डीपीएफ नाही, डिझेलचा पंप पूर्णपणे यांत्रिक आहे. ताशी ८५ च्या वर ती कुरकुर करते, आणि चढावर मागे लागलेल्या गाड्यांना वाट देण्यासाठी मी वारंवार कडेला थांबतो. पण रस्त्यात बंद पडल्यास तीन पान्यांत दुरुस्त होईल असे तिचे रूप आहे, आणि मला त्याचे मोल फार वाटते. धागाकर्त्याच्या गाडीला जे आजार झाले, त्यांतले निम्मे आजार माझ्या गाडीला होऊच शकत नाहीत.

तरीही त्यांच्या मूळ मुद्द्याशी मी सहमत आहे. छोट्या फेऱ्या जुन्या इंजिनालाही मानवत नाहीत. ऑइल पुरते तापले नाही, तर त्यात साचलेल्या पाण्याची वाफ होऊन निघून जात नाही आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय धरते. सायलेन्सरमध्येही पाणी उरते आणि तो आतून गंजतो. टायमिंग बेल्टच्या बाबतीत एक चूक मी अनेकांना करताना पाहतो: किलोमीटर कमी झाले म्हणून ते बेल्ट बदलणे पुढे ढकलतात. कॅम्पर वर्षातले कित्येक महिने उभी असते, आणि रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते. बेल्ट तुटला, तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन संपते. म्हणून तो वर्षे मोजून बदलावा. टायरचेही तसेच. त्यांच्या बाजूवर चार अंकी खूण असते. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. कॅम्परच्या टायरची नक्षी झिजण्याआधी त्यांचे वय होते.

जुन्या डिझेलचा धूर मात्र मला बोचतो. अनेक शहरांच्या मध्यभागी या गाड्यांना आता प्रवेश नाही, आणि त्या नियमामागचे कारण मला पटते. मी गाडी शहराबाहेर ठेवून पुढे सार्वजनिक वाहनाने जातो.

हिमवाट

या चर्चेत हिवाळा अजून आलेला नाही. मी सलग तीन हिवाळे गाडीत काढले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डिझेल थंडीत गोठते म्हणजे त्यातले मेण वेगळे होते. आधी ते ढगाळ दिसते, मग मेणाचे कण इंधनाच्या फिल्टरमध्ये अडकतात आणि इंजिनाला इंधन मिळेनासे होते. थंड प्रदेशातल्या पंपांवर हिवाळ्यात वेगळ्या प्रतीचे डिझेल मिळते. उबदार भागात भरलेली टाकी घेऊन तिकडे चढत गेलात, तर पहिल्याच सकाळी अडकून पडाल. खाली असतानाच टाकी अर्धीअधिक संपवून, थंडी सुरू होते तिथे ती भरून घ्यावी. ज्या गाड्यांत ॲडब्लू (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी एक्झॉस्टमध्ये फवारले जाणारे द्रावण) लागते, त्यांनी हेही लक्षात ठेवावे की त्या द्रावणात ३२.५ टक्के युरिया असतो आणि ते उणे ११ अंशांना गोठते. गाडीच्या टाकीला हीटर असतो. पण बाहेर ठेवलेल्या डब्याला तो नसतो.

आता राहण्याच्या जागेतली हवा तापवणारा डिझेल हीटर. दोन किलोवॉटचा हीटर एवढ्या गाडीला पुरून उरतो, आणि तो मंद आचेवर तासाला साधारण ०.१ लिटर डिझेल घेतो. पण मंद आचेवर रात्रंदिवस चालवला, तर इंजिनासारखीच त्याच्यातही काजळी बसते. रोज वीस मिनिटे तो पूर्ण आचेवर चालवावा. उंचावर हवा विरळ असते, मिश्रणात डिझेल जास्त होते आणि काजळी आणखी वाढते; पुष्कळ दिवस उंच जागी राहणार असाल, तर उंचीनुसार पंप जुळवून घेणारा हीटर घ्यावा. बंद करताना मुख्य स्विच कधीही थेट पाडू नये. ज्योत विझल्यावर पंखा काही मिनिटे फिरून आतला भाग थंड करतो. त्याचा वीजपुरवठा तोडल्यास हीटरचे आयुष्य घटते.

पहिल्या हिवाळ्यात एका रात्री दोन वाजता हीटर बंद पडला आणि मी पहाटेपर्यंत फ्यूज शोधत बसलो. सकाळी समजले की टाकीत पाव भागाहून कमी डिझेल होते आणि हीटरची नळी मुद्दामच टाकीच्या तळापासून वर कापलेली होती, जेणेकरून हीटरने सगळे डिझेल पिऊन गाडीला अडकवू नये. बिघाड काहीच नव्हता. तेव्हापासून थंडीत मी काटा निम्म्याखाली जाऊ देत नाही.

सर्वांत गंभीर मुद्दा कार्बन मोनॉक्साइडचा. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि झोपेत तो जीव घेतो. हीटरचा एक्झॉस्ट पाइप गाडीच्या कडेबाहेर निघतो का, त्याचा जोड सैल झाला आहे का, बर्फाने त्याचे तोंड बुजले आहे का, हे दर मुक्कामी वाकून पाहावे. वायूची सूचना देणारा अलार्म झोपण्याच्या उंचीवर बसवावा आणि त्याच्या वापराची मुदतही पाहावी. गॅसची शेगडी ऊब घेण्यासाठी कधीही पेटवू नये. ब्युटेन शून्य अंशाच्या जरासे खालीच वायुरूप होणे थांबवते, म्हणून थंडीत प्रोपेनची टाकी हवी. हे दोन्ही वायू हवेपेक्षा जड आहेत, तेव्हा टाकीच्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारे भोक मोकळेच ठेवावे, मग त्यातून कितीही गार वारा येवो.

शेवटी ओल. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून रात्रीत पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतो. एक किलो प्रोपेन जळले, की सुमारे १.६ किलो पाणी तयार होते. एवढ्याशा जागेत हे पाणी काचेवर, पत्र्यावर आणि गादीच्या खालच्या बाजूला बसते. पहिल्या हिवाळ्याच्या शेवटी मी गादी उचलली, तेव्हा तिच्याखाली काळी बुरशी पसरलेली होती. त्यानंतर गादीखाली पट्ट्यांची जाळी घातली, काचांना आतून जाड झाकणे केली आणि छताची खिडकी व खालची जाळी रात्रभर थोडी उघडी ठेवू लागलो. उबदार हवा बाहेर सोडणे जिवावर येते, पण तिच्याबरोबर पाणीही जाते. डिझेल हीटर ज्वलनाची हवा बाहेरून घेऊन धूर बाहेरच सोडतो, म्हणून तो आत कोरडी ऊब देतो. माझ्या मते छोट्या कॅम्परमध्ये डिझेलचा सर्वांत मोठा फायदा हाच.

पहिलीगाडी

सर्वांचे आभार. मी पुढच्या महिन्यात जुनी गाडी घेणार आहे. दोन प्रश्न आहेत. वर उघडणारे छत घ्यावे की कायमचे उंच छत? आणि गाडी पाहायला गेल्यावर नेमके काय पाहावे?

मुक्कामपोस्ट

छताचे मी सांगतो, कारण दोन्ही वापरली आहेत. उघडणारे छत मिटले, की गाडी दोन मीटरच्या आसपास बसते, बहुतेक पार्किंगमध्ये शिरते आणि वाऱ्यात कमी डगमगते. पण कापडी भिंतीतून थंडी आत येते, जोराच्या वाऱ्यात कापड रात्रभर फडफडते, आणि ओले छत मिटून ठेवल्यास दोन-तीन दिवसांत त्याला बुरशी धरते. पहिली संधी मिळताच ते उघडून वाळवावे लागते. कायमचे उंच छत हिवाळ्यात सुखाचे. वर्षातला बहुतेक काळ उन्हाळी प्रवास असेल, तर मी उघडणारेच घेईन. दोन्हींत गाडीची खरी उंची, वरच्या पॅनेलसह मोजून, स्टिअरिंगसमोर लिहून चिकटवा. मी ती पाठ आहे असे समजलो होतो, आणि एका कमानीखाली पॅनेलची कड गमावली.

चाकांवरचेघर

पहिलीगाडी, मालकाला आधीच सांगा की इंजिन थंड असताना पाहायचे आहे. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा; गरम लागला, तर कारण विचारा आणि थांबा. डिपस्टिक काढून ऑइलची पातळी पाहा आणि त्याचा वास घ्या. थंड इंजिन पहिल्या प्रयत्नात सुरू व्हावे. थडथडत, पांढरा धूर टाकत सुरू होत असेल, तर ग्लो प्लग (थंड सिलिंडर तापवणारा भाग) किंवा इंजेक्टर (डिझेल फवारणारा भाग) यांचे काम निघणार. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती मागा. डीपीएफ काढून टाकला आहे का, हे विचारा. तो काढणे अनेक देशांत बेकायदेशीर आहे आणि अशी गाडी तपासणीत अडकते.

नंतर किमान अर्धा तास चालवा. चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा. आरपीएम वाढले आणि वेग वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. गिअर काढून गाडी उभी असताना खालून खडखड येत असेल आणि क्लच दाबल्यावर तिचा आवाज बदलत असेल, तर दुहेरी फ्लायव्हील (इंजिन आणि क्लच यांच्यामधले हादरे शोषणारे जड चाक) किंवा बेअरिंग तपासून घ्या. ते काम मोठे असते. आत पलंग उघडून त्यावर दोघे झोपून पाहा, कपाटांच्या तळाला हात लावून ओल पाहा, आणि गाडीखाली टॉर्च घेऊन वाका. बाकी सगळे बदलता येते, पण कुजलेली चासी बदलता येत नाही.

पहिलीगाडी

काल पहिली गाडी पाहिली. आतले काम अतिशय सुंदर होते, माझी पत्नी तर दारातच थांबली. बॉनेट गरम होते. मालक म्हणाले, ‘सकाळी जरा फिरवून आणली.’ डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर होते आणि डिझेलचा वास स्पष्ट येत होता. त्यांना विचारले तेव्हा कळले, की गेले वर्षभर ते गाडी घरापासून बाजारापर्यंतच वापरत होते. त्यांनी काही लपवले असे मला वाटत नाही. ही खूण कशाची, हे त्यांनाही माहीत नव्हते. मी त्यांना या धाग्यातली रिजनरेशनची माहिती समजावून सांगितली, आधी ऑइल बदला आणि मगच लांब फेरी मारा असे सुचवले, आणि गाडी न घेता परत आलो. दुसरी गाडी येत्या शनिवारी सकाळी सात वाजता पाहायची आहे; इंजिन रात्रभर थंड ठेवतो असे त्या मालकांनी कबूल केले आहे.